दहा सेंट परत

शनिवारी सकाळी, सॅगिनॉच्या दुकानात,
मागच्या भिंतीला एक यंत्र तोंड उघडून उभं असतं.
आई त्याला एकेक रिकामा डबा भरवते,
हट्टी पोराला घास भरवावेत तशी.
मी पिशव्या धरते.
आत काहीतरी चिरडतं, पडद्यावर आकडा वाढतो:
दर डब्याला दहा सेंट परत, मिशिगनचा कायदाच तसा.
एकशे ऐंशी डबे. एक महिना.
"अठरा डॉलर," आई म्हणते. "बघ, कमाई."

आवळा देऊन कोहळा काढणारं यंत्र
आवळ्याची पावती छापून देतं.

बाबांचा पाय साखरेने नेला, गुडघ्याखालून.
त्या हिवाळ्यात आईने घरातली सगळी साखर
सिंकमध्ये ओतली, वर गरम पाणी सोडलं,
आणि हा डबा हातात घेतला.
त्यावर शून्य होतं, त्याखाली आणखी एक शून्य.
भोपळ्यांची अशी रांग
तिला कुठल्याही औषधावर दिसली नव्हती.
बाबा गेले. शून्य राहिलं.
सत्तावीस वर्षं, दिवसाला सहा.

पहाटे पाचला, शाळेच्या एक्केचाळीस नंबर बसमध्ये
इंजिनाआधी तिचा डबा बोलतो: फिस्स.
एकदा जानेवारीत एक रात्रभर बसमध्येच राहिला.
साखरेचा कदाचित तग धरता. हा गोठून फुटला,
सकाळी काचेवर तपकिरी बर्फाची नक्षी,
आणि आई ती खरवडत उभी, डोळ्यांत पाणी.
बर्फामुळे नव्हे. प्यायला दुसरा नव्हता म्हणून.

दंतवैद्य हडलस्टन यांनी तिच्या हातात आरसा दिला.
दात खडूसारखे, कडांना झिजून पारदर्शक.
"पण साखर तर नाही त्यात."
"नाही, आर्डिथ. आम्ल आहे."
"डब्यावर शून्य लिहिलंय."
दोन दातांना टोप्या, अठ्ठावीसशे डॉलर.
शाळेचा विमा एका टोपीचे अर्धे देणार.
हाडांबद्दल, झोपेबद्दल दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं,
ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही,
आणि नक्की सांगता येत नाही हे
त्यांनी दोनदा सांगितलं.

मी पावतीच्या पाठीवर हिशेब केला.
साठ सेंटचा डबा, आजच्या भावाने,
गुणिले सहा, गुणिले वर्षाचे दिवस, गुणिले सत्तावीस.
पस्तीस हजारांच्या वर.
थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
तळ्यांच्या या राज्यात आमचं तेवढं
कुठेच दिसत नाही.
कागद तिला दाखवला नाही. घडी करून खिशात ठेवला.

मार्चमध्ये तिने सोडून पाहिलं.
पहिल्या दिवशी कपाळात हातोडी.
दुसऱ्या दिवशी रेडिओ बंद, पडदे बंद.
तिसऱ्या दिवशी केझिया ब्रॉकमनचा थांबा
तिने तसाच मागे टाकला.
एकवीस वर्षांत एक मूल चुकलं नव्हतं.
नऊ वर्षांची पोर हातमोज्यांनी डोळे पुसत
अर्धा मैल चालत घरी गेली.
त्या दुपारी पेट्रोल पंपावर आईने
बसच्या पायरीवर उभं राहूनच अख्खा डबा संपवला.
"हे औषध नाही," मला म्हणाली,
"पण मुलं माझ्या भरवशावर असतात."
यावर काय बोलायचं, मला अजून सुचलेलं नाही.

आज पावती घेऊन ती थेट त्या रांगेत गेली.
बारा-बाराच्या दोन पेट्या, चार दिवसांचा शिधा.
अठरातून सोळा ऐंशी गेले.
उरलेले एक डॉलर वीस सेंट
तिने माझ्या तळहातावर ठेवले, बोटं मिटली:
"दातांसाठी. साठव."

परतताना गाडी मी चालवत होते.
तिने एक डबा मांडीवर घेतला,
अंगठा झाकणाच्या कडीखाली.
केझियाचं वळण दिसलं.
अंगठा तसाच राहिला.
वळण मागे पडलं, मग गोदाम, मग पूल,
आणि मी कान देऊन
त्या आवाजाची वाट पाहत राहिले.